विश्लेषण : ॲरन गॉर्डन डेन्व्हरच्या खेळात कसा बसला?

मार्च २०२१ मध्ये एनबीएमधल्या डेन्व्हर नगेट्सनं ऑरलँडो मॅजिककडून फॉरवर्ड ॲरन गॉर्डनला घेतलं. बदल्यात गॅरी हॅरिस, आर. जे. हॅम्प्टन आणि पहिल्या फेरीचा एक ड्राफ्ट पिक दिला. किंमत मोठी होती आणि शंकाही होत्या.

ऑरलँडोत गॉर्डन स्वतः बॉल घेऊन खेळायचा, लांबून शॉट मारायचा. ते शॉट फारसे भरवशाचे नव्हते. डेन्व्हरमध्ये मात्र बॉल असतो निकोला योकिचकडे. सेंटर असूनही सगळे पास त्याच्याच हातून निघतात. मग गॉर्डननं करायचं काय? शिवाय त्याला लांब मोकळं सोडून दोन खेळाडू योकिचवर धावून गेले तर?

डेन्व्हरनं त्याला लांब ठेवलंच नाही. बास्केटजवळ, बेसलाइनला उभं केलं. त्याला सोडून कुणी योकिचकडे वळला, की पास थेट गॉर्डनकडे आणि डंक! डंक स्पर्धा गाजवलेल्या खेळाडूसाठी हे तसं घरचंच काम. जेरामी ग्रँट २०२० मध्ये गेल्यापासून प्रतिस्पर्धी संघांच्या उंच फॉरवर्डना रोखायला कुणी नव्हतं, तीही जबाबदारी त्यानं घेतली.

याची किंमत त्यानं गुणांत मोजली. त्याच मोसमात सामन्यामागे साडेचौदा गुणांवरून त्याची सरासरी दहाच्या आसपास आली. सगळेच खेळाडू हे मान्य करत नाहीत.

२०२३ च्या अंतिम फेरीत मायामीनं योकिचभोवती गर्दी केली. चौथ्या सामन्यात गॉर्डननं २७ गुण केले. पुढचा सामना जिंकून डेन्व्हरनं पहिलं एनबीए विजेतेपद मिळवलं.