जोडकामोत्तर उष्णता संस्करण, उष्णता-विनिमयकाचे
कवच व नळ्या यांनी बनलेल्या उष्णता-विनिमयकाच्या जोडकामानंतर त्याचे सांधे ठराविक तापमानास काही काळ ठेवून सावकाश थंड करण्याची क्रिया. सांधा थिजताना आकुंचन पावतो. भोवतालचे पोलाद त्याला अडविते. त्यामुळे आत प्रतिबले उरतात व लगतचा पट्टा कठीण होतो. कार्बनी पोलादात सु. ६००° से. तापमानास ही प्रतिबले बव्हंशी शिथिल होतात.

पूर्वी दाबपात्रे रिव्हेटांनी जोडीत. अमेरिकन यांत्रिक अभियंत्यांच्या संस्थेने १९३१ मध्ये बाष्पित्रांच्या पिंपांना वितळजोडकामाची मुभा दिली. मात्र क्ष-किरण तपासणी व प्रतिबल-शिथिलीकरण आवश्यक ठरविले. भारतात अग्निविरहित दाबपात्रांची संहिता (आयएस २८२५) १९६९ मध्ये निघाली.

संस्करणाची गरज मुख्यतः पोलादाचा प्रकार व पत्र्याची जाडी यांवरून ठरते. परभणी जिल्ह्यातील साखर कारखान्यांत उसाचा रस तापविणारी साधने याच रचनेची असतात. परंतु पत्रा पातळ व दाब अल्प असल्याने त्यांना सामान्यतः संस्करण लागत नाही. तेलशुद्धीकरणात मात्र आतील द्रव्यही निर्णायक असते. ॲनाकॉर्टेस (अमेरिका) येथे २ एप्रिल २०१० रोजी सु. चाळीस वर्षे जुना विनिमयक फुटून सात कामगार मृत्युमुखी पडले. संस्करण न झालेल्या सांध्यांलगत तप्त हायड्रोजनाने पोलादातील कार्बनाशी संयोग पावून भेगा पाडल्या होत्या. अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूटने २०१६ मध्ये अशा पोलादासाठी स्वतंत्र मर्यादा घातली. संस्करणाने हा धोका घटतो, नाहीसा होत नाही. त्यामुळे अशा ठिकाणी क्रोमियमयुक्त पोलाद अधिक सुरक्षित ठरते.