हवालदार उमराव सिंह : एका आजोबांची स्मृति

महोत्सवाच्या प्रसंगीं मागें वळून पाहण्याची आपली रीत आहे. ज्यांनीं देवळें बांधिलीं, विहिरी खणिल्या, शाळा चालविल्या, त्यांचीं नांवें आपण आदरानें घेतों. परंतु ओसरीवर बसून नातवंडांना खेळविणारा, वर्षांतून एखादे वेळीं पेटींतलें जुनें पदक काढून पुसणारा आणि पुन्हां मुकाट्यानें ठेवून देणारा म्हातारा शिपाई पुष्कळदां आपल्या नजरेंतून निसटतो. आजोबा म्हणून घर त्याच्यावर माया करितें. पण त्यानें काय पाहिलें व काय सोसलें हें विचारावें, असें सहसा कोणाच्या ध्यानीं येत नाहीं. म्हणून अशाच एका आजोबांचें चरित्र वाचकांपुढें ठेवण्याचें योजिलें आहे. ते आपल्या प्रांतांतले नव्हते. परंतु त्यांची कथा कोणत्याही गांवच्या वृद्ध सैनिकाची आठवण करून देईल अशी आहे.

उमराव सिंह यांचा जन्म २१ नोव्हेंबर १९२० रोजीं तेव्हांच्या पंजाबांतील, म्हणजे आतांच्या हरियाणांतील, झज्जरजवळच्या पालरा नांवाच्या खेड्यांत एका जाट कुटुंबांत झाला. १९३९ मध्यें दुसरें महायुद्ध पेटलें आणि त्याच वर्षाच्या नोव्हेंबरांत हा तरुण तोफखान्यांत भरती झाला. त्या युद्धांत पंचवीस लाखांवर भारतीय सैनिक होते आणि ते सर्व आपखुशीनें सैन्यांत शिरलेले होते. आपल्या महाराष्ट्राच्या वांट्यालाही त्यांतला मान आला. आतांच्या रायगड जिल्ह्यांतील नाईक यशवंत घाडगे व आतांच्या अहिल्यानगर जिल्ह्यांतील निमज गांवचे शिपाई नामदेव जाधव या दोघांनीं मराठा पलटणींतून लढून इटलींत व्हिक्टोरिया क्रॉस मिळविला. दोघेही १९२१ च्या नोव्हेंबरांत जन्मलेले. घाडगे १० जुलै १९४४ रोजीं रणांगणावरच पडले; जाधव परत आले व १९८४ पर्यंत जगले. जो परत येतो त्याचें आयुष्य पुढें कसें जातें, हें पाहावयाचें असेल तर उमराव सिंहांकडे वळलें पाहिजे.

ब्रह्मदेशांतील कलादान नदीच्या खोऱ्यांत, १५ व १६ डिसेंबर १९४४ च्या दरम्यान, हवालदार उमराव सिंह आघाडीवरील एका तोफेचे प्रमुख होते. शत्रूनें दीड तास तोफगोळ्यांचा वर्षाव केला आणि मग जपान्यांच्या किमान दोन कंपन्या त्या जागेवर चालून आल्या. पहिल्याच हल्ल्यांत हातबाँबनें ते दोनदां जखमी झाले. तरी त्यांनीं हल्ला परतविला. दुसऱ्या वेळीं शत्रु पांच यार्डांवर आला असतां तोफेच्या ढालीवरून ब्रेनगन चालवून त्यांनीं त्याला मागें रेटलें. तिसरा व चौथा हल्लाही तसाच मोडून काढला. तोंपर्यंत त्यांच्या तुकडींत ते स्वतः व आणखी दोघे इतकेच धड उरले होते. दारूगोळा संपला, शेजारची तोफ शत्रूच्या हातीं गेली. तेव्हां तोफ उचलण्याचा दांडा हातीं घेऊन हा वीर शत्रूंत शिरला, तिघांना त्यानें लोळविलें आणि अखेर बेशुद्ध होऊन पडला. सहा तासांनीं आपल्या फौजेनें ती जागा परत घेतली. तेव्हां उमराव सिंह तोफेजवळच सांपडले. अंगावर सात मोठ्या जखमा, चेहरा ओळखूं न येण्यासारखा, आणि भोंवतीं दहा जपानी सैनिकांचीं प्रेतें. तोफ मात्र शत्रूला नेतां आली नव्हती.

या पराक्रमाबद्दल त्यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला व १९४५ मध्यें लंडन येथें राजे सहावे जॉर्ज यांच्या हस्तें तो त्यांच्या छातीवर लागला. स्वातंत्र्यानंतरही त्यांनीं भारतीय सैन्यांत नोकरी केली. पुढें त्यांना सन्माननीय कॅप्टनचा हुद्दा मिळाला. निवृत्त झाल्यावर ते आपल्या खेड्यांत परत आले आणि वडिलोपार्जित दोन एकर जमीन कसूं लागले. दोन एकरांत कुटुंबाचा संसार चालविणें म्हणजे काय, हें शेतकऱ्याला सांगावयास नको.

आणि येथेंच त्यांची दुसरी लढाई सुरू झाली. व्हिक्टोरिया क्रॉस हें पदक कांशाचें. त्यांत सोनें नाहीं कीं रुपें नाहीं. परंतु जुन्या वस्तूंचे संग्राहक त्यासाठीं मोठ्या रकमा मोजतात. उमराव सिंहांनाही तशी विचारणा झाली. त्या पैशांत घरची ओढाताण मिटली असती. पण त्यांनीं साफ नकार दिला. पदक विकणें म्हणजे त्या लढाईंत पडलेल्या सोबत्यांच्या नांवाला बट्टा लावणें होय, असें त्यांचें मत होतें. विचार करण्यासारखी गोष्ट ही कीं, पदक त्यांच्या नांवाचें असूनही त्यांनीं तें एकट्याचें मानलें नाहीं. मेलेल्यांची ठेव म्हणून तें त्यांनीं सांभाळिलें.

१९९५ मध्यें युद्धसमाप्तीच्या पन्नासाव्या वाढदिवसाच्या समारंभासाठीं ते लंडनला गेले. यादींत नांव नाहीं म्हणून मानाच्या मंडपाच्या दाराशींच त्यांना परत फिरविण्याची वेळ आली होती. परंतु एका ब्रिगेडियरनें छातीवरील किरमिजी फीत ओळखली आणि त्यांना आंत नेलें. तेथें या पंचाहत्तरीच्या घरांतील शेतकऱ्यानें ब्रिटनचे पंतप्रधान जॉन मेजर यांच्याजवळ सरळ गाऱ्हाणें मांडलें : पदकाबद्दल मिळणारें मानधन वर्षाला अवघें १६८ पौंड होतें. त्यानंतर तें १,३०० पौंड झालें. त्यांचा तो शब्द केवळ स्वतःपुरता राहिला नाहीं; त्यांच्यासारख्या इतर वृद्ध वीरांच्याही पदरीं न्याय पडला.

२१ नोव्हेंबर २००५ रोजीं, आपल्या पंचाऐंशीव्या वाढदिवशींच, उमराव सिंह दिल्ली येथें निवर्तले. पदक तोंवर त्यांच्याजवळच होतें.

वाचकहो, रणांगणावरील एका रात्रीचें धैर्य मोठें खरें. परंतु पुढें साठ वर्षें गरिबींत तें धैर्य जपणें त्याहूनही कठीण. आपल्या ओसरीवर असा एखादा आजोबा असेल, तर हा उत्सव आटोपल्यावर त्याच्याजवळ घटकाभर बसावें, पेटी उघडावयास सांगावी आणि पदकामागची नांवें विचारून घ्यावीं. त्याच्यामागें तीं सांगणारा कोणी उरणार नाहीं.