रेघेवरचं दुखणं : ओटीपोटातल्या शिरांच्या आजाराचं मोजमाप

आपल्या मंडळात सनदा, वाडे, शिलालेख यांवर पुष्कळ लिहून झालंय. पण मोजमापालाही इतिहास असतो. बायकांच्या एका दुखण्यापुरता तो मांडतो.

ओटीपोटातल्या शिरा फुगतात, त्यांत रक्त साचतं. बराच वेळ उभं राहिलं की दुखणं वाढतं; एकाहून अधिक बाळंतपणं झालेल्या बायकांत ते जास्त आढळतं. १९४९ साली अमेरिकेत हॉवर्ड टेलर यांनी या तुंबलेल्या रक्तावर सविस्तर लिहिलं, पण कारणांत मनाच्या ताणालाही मोठी जागा दिली. 'मनाचं दुखणं' हा शिक्का एकदा बसला की पुसायला किती कठीण, हे सांगायला नको!

१९८४ साली लंडनच्या रिचर्ड बिअर्ड आणि सहकाऱ्यांनी शिरांत औषध सोडून क्ष-किरण चित्रं घेतली आणि त्यांना गुण दिले. शीर किती रुंद, औषध ओसरायला किती वेळ, शिरांचं जाळं किती भरलेलं. आजार डोळ्यांना दिसला खरा, पण हे माप शिरेचं होतं.

दुखण्याचं माप त्याहून साधं : १० सेंटिमीटरची रेघ. एका टोकाला 'अजिबात नाही', दुसऱ्याला 'असह्य'. खूण बाईनंच करायची. बिअर्ड यांच्याच गटानं १९८९ साली ८४ बायकांवर हार्मोनची गोळी तपासली. चार महिन्यांनी गोळी घेणाऱ्यांपैकी ७३ टक्के जणींचं दुखणं निम्म्यानं तरी उतरलं, खोटी गोळी घेणाऱ्यांत ३३ टक्के. मात्र उपचार थांबल्यावर नऊ महिन्यांनी नुसत्या गोळीचा फायदा टिकला नव्हता. म्हणजे कधी मोजलं, यावरही निकाल ठरतो.

२००३ साली कोरियातल्या अभ्यासात १०६ बायका होत्या. काहींच्या शिरा आतून बंद केल्या, काहींचं गर्भाशय काढलं. वर्षभरानं रेघेवर शिरा बंद केलेल्यांचं दुखणं जास्त उतरलेलं दिसलं. 'पिशवी काढून टाका' हा सल्ला आपल्याकडे किती पटकन मिळतो, ते आठवलं म्हणजे मला हा निकाल मोठा वाटतो.

तरी रेघ एकच गोष्ट सांगते. ओट्याशी उभं राहवत नाही, संबंधानंतर कळ येते, हे तिच्यात कुठं येणार? २०१९ साली अमेरिकेतल्या तज्ज्ञगटानं या आजारापुरती वेगळी प्रश्नावली हवी, असं मांडलं. २०२१ मध्ये लक्षणं, फुगलेल्या शिरा आणि रक्तप्रवाहातला दोष नोंदवणारं वर्गीकरण आलं. पण आजार कसा आहे ते त्यातून कळतं, बाई किती बरी झाली ते नाही. मराठीत प्रश्नावली करायची तर नुसतं 'दुखतं का?' विचारून भागणार नाही. आपल्या बायका 'जड वाटतं', 'खाली ओढल्यासारखं होतं' म्हणतात.