तबकडीवर न मावलेली ‘कट्यार’

न्यू वेव्ह रॉकचे गाजलेले आल्बम हल्ली पुन्हा निघतात ते बहुतेकदा मैफलीतली ध्वनिमुद्रणं सोबत घेऊन. टॉकिंग हेड्स या बँडचा ‘स्टॉप मेकिंग सेन्स’ तर मुळातच मैफलीचा. १९८४ च्या तबकडीवर त्यातली नऊ गाणी होती, १९९९ च्या आवृत्तीत सोळा झाली. तोच माल गिऱ्हाइकाच्या गळ्यात दुसऱ्यांदा मारायची ही युक्ती, अशी टीका होते आणि रॉकपुरती ती पुष्कळदा खरीही असेल. मराठी नाट्यसंगीताचा हिशेब मात्र वेगळा मांडावा लागतो. १८८० साली पुण्यात संगीत ‘शाकुंतल’ रंगभूमीवर आलं, तेव्हा भारतात पहिली तबकडी मुद्रित व्हायला अजून बावीस वर्षं होती. म्हणजे प्रेक्षकाच्या दादेवर लांबणारं, ‘वन्स मोअर’वर पुन्हा उभं राहणारं पद आधी घडलं आणि तबकडीची तीन-साडेतीन मिनिटांची बाजू नंतर आली. त्या बाजूत बसवायला आलापी छाटली गेली, ताना मोजून घेतल्या गेल्या. बालगंधर्वांची तबकड्यांतली गायकी अभ्यासणारे याच छाटलेल्या ऐवजावरून त्यांच्या रंगमंचावरच्या गाण्याचा अंदाज बांधतात.

बालगंधर्व गेले त्याच वर्षी, डिसेंबर १९६७ मध्ये ‘कट्यार काळजात घुसली’ हे नाटक आलं. ते लिहिणारे पुरुषोत्तम दारव्हेकर नागपूरचे. त्यात खाँसाहेब झालेले वसंतराव देशपांडे यांनीही नागपुरातच शंकरराव सप्रे यांच्याकडे गाण्याचे धडे गिरवलेले. जितेंद्र अभिषेकींच्या संगीतात ‘घेई छंद’ हे एकच पद दोन चालींत येतं, नाटकातल्या पंडितजींची चाल ठाय, खाँसाहेबांची चपळ. दोन घराण्यांचं भांडण संवादापेक्षा या दोन चालींत जास्त कळतं; पण तबकडीवर दोन सुटी गाणी म्हणून ऐकली, तर मधलं नाटक गळून पडतं. आज नागपूरच्या हुडकेश्वरात मोबाइलवर ही पदं ऐकणाऱ्या तरुणाला २०१५ चा चित्रपट ठाऊक असतो, प्रयोगात वसंतराव एकेक जागा कशी वाढवत हे कळायला त्याच्याकडे फारसं साधन नाही. म्हणून या पदांची नवी आवृत्ती काढताना प्रयोगाचं ध्वनिमुद्रण सोबत हवंच.

यावर नेहमीचा आक्षेप असा की प्रयोगातलं मुद्रण सदोष असतं. खोकणं, टाळ्या, ऑर्गनमध्ये बुडालेला आवाज. पण दाद कुठे पडली आणि पुढच्या आवर्तनात गायकाने त्यावर काय केलं, हे स्टुडिओच्या शांततेत कळणारच नाही. दुसरा आक्षेप जास्त वजनाचा आहे: कलावंताने पसंत करून दिली ती तबकडी, बाकीचं उघड करायचा अधिकार आपल्याला कुणी दिला? खासगी रियाजाच्या टेपबद्दल हे मान्य करावंच लागेल. प्रयोग मात्र तिकीट काढून आलेल्या शेकडो लोकांसमोर झालेला, कलावंताने स्वतः जगापुढे मांडलेला. त्यावर पडदा टाकण्यात कसला आदर? अर्थात, एकाच पदाची दहा रात्रींची दहा मुद्रणं एका संचात कोंबणं ही शुद्ध दुकानदारी. एक-दोन निवडावीत, पण पूर्ण प्रवेशासह, आधीच्या संवादापासून. आणि तारीख, नाट्यगृह, तबला-ऑर्गनच्या साथीदारांची नावं वेष्टनावर छापावीत. जुन्या वेष्टनांवर साथीदारांचं नाव क्वचितच सापडतं.