विनंत्यांमधील सेटिंगची गळती

विनंत्यांमधील सेटिंगची गळती हा बहुथ्रेडी वेब सर्व्हरमध्ये आढळणारा दोष आहे. एका वापरकर्त्याच्या विनंतीसाठी ठरवलेली भाषा, चलन, कालविभाग किंवा ओळख दुसऱ्याच्या विनंतीला लागू होणे म्हणजे ही गळती होय. तिच्यामुळे कधी केवळ परक्या भाषेतील पान दिसते, तर कधी एकाची खासगी माहिती दुसऱ्यापुढे उघड होते.

कारणे

थ्रेड म्हणजे एकाच प्रक्रियेत इतरांसह समांतर चालणारा कामाचा प्रवाह. अशा सर्व थ्रेडांची स्मृती सामाईक असते. म्हणून संपूर्ण प्रक्रियेची सेटिंग एका थ्रेडने बदलली, की ती इतरांसाठीही बदलते. पीएचपी भाषेच्या अधिकृत पुस्तिकेत ‘सेटलोकेल’ या फलनाबाबत असाच इशारा दिलेला आहे.

दुसरे कारण थ्रेडांच्या पुनर्वापराचे. दर विनंतीला नवा थ्रेड निर्माण करणे खर्चिक असल्याने सर्व्हर थ्रेडांचा संच राखून ठेवतो. थ्रेडपुरती ठेवलेली सेटिंग काम संपल्यावर पुसली नाही, तर ती पुढील विनंतीला मिळते. उदाहरणार्थ, मुळशीतील वाचकाने मराठी पान मागवल्यावर, त्याच थ्रेडकडे आलेल्या आणि भाषा न निवडलेल्या लंडनमधील वाचकालाही मराठी पान दिसते.

शोध

विकसकाच्या संगणकावर एकच वापरकर्ता असल्याने हा दोष सहसा दिसत नाही. सर्व्हर पुन्हा सुरू केल्यास तो तात्पुरता नाहीसा होतो. म्हणून प्रत्येक विनंतीच्या आरंभी व अखेरीस विनंतीचा क्रमांक, थ्रेडचा क्रमांक आणि सेटिंगचे मूल्य यांची नोंद करतात. नंतर संचात एकच थ्रेड ठेवून पाहतात. लागोपाठच्या विनंत्यांत दोष हमखास दिसल्यास जुनी सेटिंग शिल्लक राहत असल्याचे कळते. एका थ्रेडवर तो नाहीसा होऊन अनेक थ्रेडांवर परतल्यास सामाईक स्मृतीचा संशय बळावतो.

उपाय

विनंती यशस्वी होवो वा त्रुटीने थांबो, मूळ सेटिंग पूर्ववत करणे आवश्यक असते. रूबी ऑन रेल्समध्ये भाषेसाठी ‘विथ_लोकेल’ ही पद्धत हेच करते. सेटिंग सामाईक जागी न ठेवता प्रत्येक फलनाला स्वतंत्रपणे देणे अधिक सुरक्षित ठरते.

परिणाम

फेब्रुवारी-मार्च २०२१ मध्ये गिटहबवर विनंत्या हाताळण्यातील याच्याशी मिळत्याजुळत्या दोषामुळे अत्यल्प वापरकर्त्यांची सत्रे भलत्याच वापरकर्त्यांना जोडली गेली होती. खबरदारी म्हणून ८ मार्चपूर्वीची सर्व सत्रे रद्द करण्यात आली आणि वापरकर्त्यांना पुन्हा प्रवेश करावा लागला.