दोन शब्दांचा एक शब्द

११ फेब्रुवारी १९४६. दुसरं महायुद्ध संपून सहा महिनेही झाले नव्हते, आणि अमेरिकेत नव्या कराराचं एक नवं इंग्रजी भाषांतर बाजारात आलं. नाव रिवाइज्ड स्टँडर्ड व्हर्जन, थोडक्यात आरएसव्ही. भाषांतर समितीचे अध्यक्ष होते येल विद्यापीठाच्या धर्मशास्त्र विभागातले ल्यूथर वायगल. समितीतली मंडळी ग्रीक कोळून प्यायलेली होती आणि त्यातल्या कुणाचाही वाईट हेतू असल्याचं दिसत नाही. पण या भाषांतरात, पौलाने करिंथकरांना लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या सहाव्या अध्यायात, नवव्या वचनात एक शब्द आला जो आधीच्या कुठल्याही प्रमुख इंग्रजी बायबलात नव्हता. 'होमोसेक्शुअल्स'.

देवाच्या राज्याचं वतन कुणाला मिळणार नाही, याची यादी त्या वचनात आहे. मूर्तिपूजक, व्यभिचारी, पुढच्या ओळीत चोर, लोभी, दारुडे. यादी लांब आहे. लोभी माणसांविरुद्ध कायदे करा म्हणून कुणी मोर्चे काढल्याचं ऐकिवात नाही.

मूळ ग्रीकमध्ये या जागी दोन शब्द आहेत. पहिला 'मालाकॉय'. अर्थ अगदी साधा: मऊ. मत्तयाच्या शुभवर्तमानात येशू तलम, मऊ कपड्यांबद्दल बोलतो तिथे हाच शब्द आहे. माणसाला लावला की तो शिवीसारखा होतो: नाजूक, ऐषारामी, कष्ट न सोसणारा, बायकी. ग्रीक-रोमन पुरुषाला 'मऊ' म्हणवून घेणं म्हणजे मर्दानगी गेल्यासारखंच वाटे, मग तो बायकांच्या मागे लागून सैल झालेला का असेना.

दुसरा शब्द जास्त अवघड. 'अर्सेनोकोइताय'. 'अर्सेन' म्हणजे पुरुष, 'कोइते' म्हणजे शय्या. पौलाच्या आधी, म्हणजे इसवी सन ५५च्या आसपासच्या या पत्राआधी, हा शब्द कुठे सापडत नाही. नव्या करारात तो एकूण दोनदा येतो, इथे आणि तीमथ्याला लिहिलेल्या पहिल्या पत्रात. बहुतेक अभ्यासकांचं मत असं, की लेवीय या पुस्तकाच्या जुन्या ग्रीक भाषांतरात पुरुषाने पुरुषाशी स्त्रीसारखं निजू नये अशा अर्थाच्या ज्या दोन आज्ञा आहेत, त्यांत हे दोन शब्द जवळजवळ येतात आणि तिथूनच ही जोडणी झाली असावी. अमेरिकन अभ्यासक डेल मार्टिन यांनी १९९६ साली याला हरकत घेतली. जोडशब्दाचा अर्थ त्याच्या तुकड्यांवरून काढता येत नाही, तो कसा वापरला गेला ते पाहावं लागतं, असं त्यांचं म्हणणं. (आपल्याकडे 'गुळाचा गणपती' कुठे देवघरात असतो?) आणि वापर पाहिला तर हा शब्द काही जुन्या याद्यांमध्ये चोरी, फसवणूक, अन्याय यांच्या शेजारी बसतो. म्हणजे रोख पैशाच्या किंवा सत्तेच्या जोरावर केलेल्या शोषणावर असू शकेल. करिंथ हे बंदराचं, गुलामांच्या व्यापाराचं शहर होतं हेही लक्षात ठेवायला हवं.

हा वाद मिटलेला नाही. रॉबर्ट गॅग्नन यांच्यासारखे अभ्यासक म्हणतात की लेवीयाशी असलेला धागा पुरेसा स्पष्ट आहे आणि पौलाला पुरुषांमधला सगळाच संबंध अभिप्रेत आहे. मला गॅग्नन यांची बाजू तितकी कच्ची वाटत नाही. पौल आजच्या प्राइड मार्चला आला असता असं मानायला काहीच आधार नाही. पण १९४६च्या समितीने केलं ते याहून वेगळं होतं. तिने दोन शब्द एकत्र करून त्यांच्या जागी एकच शब्द ठेवला, आणि तोही फार तरुण.

आधीच्या भाषांतरकारांनी काय केलं होतं? चौथ्या शतकाच्या अखेरीस जेरोमच्या काळात लॅटिनमध्ये दोन वेगळे शब्द होते. सोळाव्या शतकात मार्टिन ल्यूथरने जर्मनमध्ये दुसऱ्या शब्दासाठी 'क्नाबेनशेंडर' वापरला, म्हणजे मुलग्यांची अब्रू घेणारे. १६११च्या किंग जेम्स बायबलातही दोन स्वतंत्र शब्दप्रयोग आहेत. मराठीत विल्यम कॅरीने श्रीरामपूरहून १८११ साली नवा करार छापला. पुढे पंडिता रमाबाईंनी केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये, सामान्य बायकांना कळावं म्हणून, थेट हिब्रू आणि ग्रीकवरून सगळं बायबल मराठीत आणलं. ते त्यांच्या मृत्यूनंतर, १९२४ साली प्रसिद्ध झालं. बायबल सोसायटीच्या प्रचलित मराठी बायबलातही या जागी दोन वेगळे शब्दप्रयोग आहेत आणि दोन्ही कृतीचं वर्णन करतात. ते वाचायला काही सुखद नाहीत, पण ते माणसांच्या एका जातीचं नाव नाहीत.

'होमोसेक्शुअल' हे मात्र तसं नाव आहे. तो घडवला कार्ल मारिया केर्टबेनी या हंगेरियन लेखकाने. १८६९ साली तो छापील पत्रकात आला, आणि ते पत्रक होतं पुरुषांमधल्या संबंधांना शिक्षा देणाऱ्या प्रशियन कायद्याच्या विरोधात. तुरुंगातून सोडवण्यासाठी बनवलेला शब्द डॉक्टरांच्या हाती जाऊन आजाराचं नाव झाला, आणि सत्तर-ऐंशी वर्षांत बायबलात जाऊन पापाचं. शिवाय त्यात स्त्रिया आल्या, ज्या पौलाच्या त्या दोन शब्दांत नव्हत्या. ज्याने आयुष्यात कुणाला स्पर्शही केला नाही, फक्त ओढ जाणवली, असा मुलगाही आला.

१९५९ साली धर्मशास्त्र शिकणाऱ्या एका तरुण विद्यार्थ्याने वायगल यांना सविस्तर पत्र लिहिलं. ग्रीकचा हिशेब मांडून त्याने दाखवलं की हा शब्द इथे बसत नाही, आणि चुकीच्या हातात पडला तर त्याचं हत्यार होईल. ही भीती हवेतली नव्हती. सहाच वर्षांपूर्वी, १९५३ साली, आयझेनहॉवर यांच्या आदेशाने समलिंगी माणसांना सरकारी नोकरीतून काढायला सुरुवात झाली होती. वायगल यांनी उत्तर पाठवलं. मुद्दा त्यांना पटला होता आणि पुढच्या सुधारणेत विचार करू असं त्यांनी कळवलं. हा पत्रव्यवहार पुढे कित्येक दशकं येलच्या कागदपत्रांत पडून होता.

सुधारणा झाली १९७१ साली, आणि ती अशी की 'होमोसेक्शुअल्स' जाऊन 'लैंगिक विकृत' अशा अर्थाचा शब्द आला. रोगापेक्षा औषध भयंकर! पण तोवर उशीर झालाच होता. दरम्यानच्या पंचवीस वर्षांत तयार झालेल्या इतर इंग्रजी भाषांतरांनी १९४६चा शब्द किंवा त्याचाच एखादा प्रकार उचलला होता. ऐंशीच्या दशकात एड्सची साथ आली तेव्हा व्यासपीठावरून बोलणाऱ्यांच्या हातात हीच बायबलं होती.

भारतात ही गोष्ट वेगळ्या वाटेने आली, कायद्याच्या. रोमकरांना लिहिलेल्या पत्राच्या पहिल्या अध्यायात पौल 'पारा फिसिन' म्हणतो, निसर्गाच्या पलीकडचं, निसर्गाविरुद्धचं. मध्ययुगीन चर्चने या कल्पनेवर मोठी इमारत उभी केली. १५३३ साली आठव्या हेन्रीने हा गुन्हा चर्चच्या न्यायालयांकडून राजाच्या न्यायालयात आणला आणि शिक्षा ठेवली मृत्यूची. मेकॉलेने १८३७ साली भारतासाठी दंडसंहितेचा मसुदा केला, तेव्हा या विषयावर जितकं कमी बोलावं तितकं बरं, अशा आशयाची टीप त्याने लिहिली. १८६०च्या संहितेत कलम ३७७ आलं. त्यात स्पष्टीकरण जवळपास नव्हतंच, पण निसर्गक्रमाविरुद्ध हा शब्दप्रयोग होता. मराठी वर्तमानपत्रांतल्या गुन्हेवार्तांमध्ये दिसणारं 'अनैसर्गिक कृत्य' याच वाटेने आलेलं आहे.

गंमत म्हणजे त्याच पत्राच्या अकराव्या अध्यायात पौल 'पारा फिसिन' पुन्हा वापरतो. तिथे रानटी जैतुनाची फांदी चांगल्या जैतुनावर कलम केली जाते, म्हणजे यहुदी नसलेल्यांना देव आपल्या लोकांत सामावून घेतो, ते 'निसर्गाविरुद्ध'. इथे कर्ता देवच आहे. आणि करिंथकरांच्या पत्रात तर पुरुषाने केस वाढवणं लाजिरवाणं आहे हेही निसर्गच शिकवतो. चित्रांतल्या येशूचे केस कुणी मोजले नाहीत.

सदोमबद्दल थोडक्यात. उत्पत्तीच्या एकोणिसाव्या अध्यायात गावातले पुरुष परक्या पाहुण्यांवर जबरदस्ती करायला दार ठोठावतात. सदोमचा अपराध काय हे यहेज्केल संदेष्टा सोळाव्या अध्यायात सांगतो: माज, भरल्या पोटाची सुस्ती, गरिबाला हात न देणं. पुढच्या शतकांनी हे वाचलं नाही असं नाही, फक्त त्यावर कायदा केला नाही.

कलम ३७७ चा खटला सर्वोच्च न्यायालयात गेला तेव्हा ते कलम राहावं म्हणून उभ्या राहिलेल्यांत ख्रिस्ती संघटनाही होत्या, अपोस्टॉलिक चर्चेस अलायन्स आणि उत्कल ख्रिश्चन कौन्सिल. पण २०१३ साली न्यायालयाने कलम पुन्हा जिवंत केलं, तेव्हा मुंबईचे आर्चबिशप कार्डिनल ओस्वाल्ड ग्रेशस यांनी जाहीरपणे सांगितलं की कॅथलिक चर्च समलिंगी माणसांना गुन्हेगार मानत नाही. लग्नाला मात्र त्यांचा विरोध होता. हा फरक लहान वाटेल, पण तुरुंगाच्या भीतीत जगणाऱ्याला तो लहान नव्हता. ६ सप्टेंबर २०१८ ला परस्परसंमतीच्या संबंधांपुरतं कलम गेलं. १७ ऑक्टोबर २०२३ ला न्यायालयाने समलिंगी विवाहाला मान्यता द्यायला नकार दिला. त्याच वर्षी डिसेंबरात व्हॅटिकनने समलिंगी जोडप्यांना आशीर्वाद द्यायची मुभा दिली. त्याला लग्नाचं रूप येऊ द्यायचं नाही, ही अट घालून. आफ्रिकेतल्या अनेक बिशपांनी तेवढंही नाकारलं.

आणि आरएसव्ही? तिची पुढची पिढी १९८९ साली आली, त्यानंतरची २०२१ साली. फोनवरच्या कुठल्याही बायबल अ‍ॅपमध्ये या आवृत्त्या शेजारी लावून ते नववं वचन बघता येतं. १९८९ साली दोन शब्द पुन्हा वेगळे झाले. २०२१च्या आवृत्तीत त्यांच्या खाली तळटीप आहे: ग्रीक शब्दाचा अर्थ अनिश्चित.