भेटीमागे की माणसामागे?

सरकारने डॉक्टरला पैसे कशाबद्दल द्यायचे, रोगी दवाखान्याची पायरी चढला म्हणून, की तो माणूस त्या डॉक्टरकडे नोंदलेला आहे म्हणून? या प्रश्नाने न्यूझीलंडच्या आरोग्यव्यवस्थेचा साठ वर्षे पिच्छा पुरवला. मायकेल जोसेफ सॅव्हेज यांच्या मजूर पक्षाच्या सरकारने १९३८ साली सामाजिक सुरक्षा कायदा केला, तेव्हा त्याचे उत्तर ठरलेले होते. डॉक्टरने नाव नोंदवलेल्या प्रत्येकाला वर्षभर सांभाळायचे आणि सरकारने त्याला माणशी ठरावीक रक्कम द्यायची. सरकारी इस्पितळांतले उपचार १९३९ मध्ये मोफत झालेही; गाडे अडले ते खासगी दवाखान्यांपाशी. आपण सरकारचे नोकर होऊ, अशी डॉक्टरांच्या संघटनेला धास्ती होती. मार्च १९४१ मध्ये माणशी वर्षाला १५ शिलिंग देऊ केले, तरी मोजकेच डॉक्टर पुढे आले. नोव्हेंबरात सरकारने माघार घेतली. आता दर तपासणीमागे साडेसात शिलिंग मिळणार होते आणि वर रोग्याकडून वेगळी फी घेण्याची मुभाही होती. तेव्हाची नेहमीची फी साडेदहा शिलिंग, म्हणजे रोग्याला तीनच शिलिंग पडत.

माझ्या मते पुढच्या सगळ्या नुकसानीचे मूळ या माघारीत आहे. भेटीला बांधलेले अनुदान भेटीला येणाऱ्यालाच मिळते. वरची फी परवडत नाही म्हणून जो घरीच दुखणे काढतो, त्याच्या वाट्याला डॉक्टरही येत नाही आणि सरकारचा पैसाही. महागाईने अनुदानाची किंमत झिजली, फीला मात्र वरून लगाम नव्हता. मग ठिगळे आली: १९९२ मध्ये कमी उत्पन्नवाल्यांसाठी सवलतीचे कार्ड, १९९७ पासून सहा वर्षांखालच्या मुलांची मोफत तपासणी. उत्तरेकडच्या होकिआंगासारख्या दुर्गम, मूळनिवासी माओरींची बहुसंख्या असलेल्या भागात मात्र १९४१ पासूनच पगारी डॉक्टर विनामूल्य तपासत होते. गरिबापर्यंत वैद्यक पोचवणे अशक्य नव्हते, हे त्या एका कोपऱ्याने देशाला दाखवून दिले होते, आणि तरीही तो अपवादच राहू दिला याची हळहळ वाटते.

ॲनेट किंग आरोग्यमंत्री असताना २००१ मध्ये नवे धोरण आले आणि २००२ च्या जुलैपासून प्राथमिक आरोग्य संस्था उभ्या राहू लागल्या. रोग्याने दवाखान्यात नाव नोंदवायचे आणि त्याचे वय व लिंग पाहून ठरलेली वार्षिक रक्कम संस्थेमार्फत दवाखान्याला मिळायची. माणूस वर्षात एकदाही आला नाही तरी पैसे येणार. त्यामुळे परिचारिकेने मधुमेह्याची विचारपूस करणे हेही आता त्याच रकमेत बसणारे काम ठरले. यावर जुना आक्षेप असा की, आधीच पैसे हाती आले की डॉक्टर हात आखडता घेईल. मुंबईच्या कामगार विम्यातला पॅनेल डॉक्टर ज्यांना ठाऊक आहे, त्यांना ही शंका नवी नाही. त्यालाही नोंदलेल्या कामगारांमागे माणशी रक्कम मिळे. शंका खरी आहे. पण न्यूझीलंडमध्ये रोगी आपले नाव दुसरीकडे हलवू शकतो, आणि नोंदलेला माणूस परस्पर दुसऱ्या डॉक्टरकडे गेला तर त्या भेटीचे अनुदान मूळ संस्थेच्या रकमेतून वळते होते. दुर्लक्षाची किंमत डॉक्टरलाही मोजावी लागते.

दुसरा आक्षेप मला अधिक गंभीर वाटतो. माणशी रकमेचा वाढीव दर आधी अशा संस्थांना मिळाला, जिथे निम्म्याहून अधिक लोक माओरी, पॅसिफिक बेटांवरचे किंवा अतिगरीब वस्तीतले होते. म्हणजे सुखवस्तू उपनगरातल्या दवाखान्यात नोंदलेला गरीब शेजाऱ्यांच्या श्रीमंतीमुळे मागे पडला, आणि गरीब वस्तीतल्या दवाखान्यात नोंदलेल्या सधनाला सवलत मिळाली. जुलै २००७ पर्यंत एकेक वयोगट घेत वाढीव दर सर्वांना लागू झाला, पण वरची फी काही गेली नाही. २००६ च्या ऑक्टोबरात फी अगदी कमी ठेवणाऱ्या दवाखान्यांना जास्तीचे पैसे देऊ केले, तेव्हाही कसोटी दवाखान्याचीच होती. माणशी पैसे देणारी योजना माणसाऐवजी वस्तीची गरज मोजत होती. दोष माणशी रकमेच्या तत्त्वात नव्हता, ते अर्धवट पाळण्यात होता. डिसेंबर २०१८ पासून योजनेत सामील झालेल्या इतर दवाखान्यांतही कार्डधारकाला कमी फी लागू झाली आणि १४ वर्षांखालच्या मुलांसाठी तपासणी मोफत झाली. बाकीच्या प्रौढांना वरची फी अजूनही भरावी लागते, आणि १९४१ मधली ती मुभा पुरती मागे घेण्याचे धाडस कोणत्याही सरकारने केलेले नाही.